बाईंच्या हाताखाली बंद पडणारं मशीन

आमच्या ऑफिसातल्या पहिल्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की मला अजूनही किळस येते. मशीनची नव्हे, ते बिचारं निर्जीव होतं. किळस येते ती त्याच्याभोवती जमलेल्या आम्हा शहाण्यांची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीत आंबा बागायतदारांच्या एका संघात मी कारकून होतो. पुण्याला जाऊन पंधरा दिवसांचा कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर मी ऑफिसातला कॉम्प्युटरतज्ज्ञ झालो. हेडक्लार्क मला ‘मास्तर’ म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

मशीनवर प्रत्यक्ष काम करायची ती आमची टायपिस्ट. चोवीस-पंचवीस वर्षांची, संगमेश्वरकडच्या खेड्यातली, मावशीकडे राहून नोकरी करणारी. वयाने लहान असली तरी ऑफिसात सगळे तिला बाईच म्हणायचे. केळशीपासून खाली राजापूरपर्यंतच्या सगळ्या सभासदांची गाववार यादी तिने मशीनमध्ये भरायची होती. ती तात्पुरती होती. यादी नीट झाली तर दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये तिला कायम करायचं, असं अध्यक्षांनी तोंडी कबूल केलं होतं. कायम झाली की एक खोली घेऊन आईला गावाहून आणायची, एवढं तिचं ठरलेलं होतं. हे ती कुणालाही सांगायची, पोस्टमनलासुद्धा.

मशीनसाठी अध्यक्षांनी फणसाच्या लाकडाचं खास कपाट करून घेतलं होतं. वर पडदा आणि कीबोर्ड, खाली दोन दारांच्या आत मुख्य डबा. खारं वारं लागून लोखंड सडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे फ्लॉपी घालण्यापुरती दारं उघडायची आणि लगेच लावायची, असा अध्यक्षांचा सक्त हुकूम होता. बाईंनी तो तंतोतंत पाळला.

आषाढात मशीन बंद पडायला लागलं. म्हणजे सकाळी चालू व्हायचं, तासभर झकास चालायचं, आणि मग पडदा होता तिथेच थिजायचा. कळ दाबली की नुसतं पीं पीं. बंद करून पुन्हा लावलं की अर्धा तास, मग पाव तास. मी पुस्तकात बघून अंदाज बांधला की डॉस, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, बिघडला. हार्डडिस्क फॉर्मॅट केली, डॉस नव्याने घातला. फॉर्मॅट म्हणजे आतलं सगळं साफ. यादीची प्रत फ्लॉपीवर होती, पण पावसात फ्लॉपींना बुरशी धरली होती. बाई पहिल्या गावापासून पुन्हा टाइप करायला बसल्या.

आठ दिवसांत मशीन पुन्हा थिजलं. मी पुन्हा फॉर्मॅट, पुन्हा डॉस. असं चार वेळा. मुंबईहून कंपनीचा माणूस आला, दारं सताड उघडी टाकून दिवसभर बसला, मशीन एकदाही अडलं नाही. तो चहा पिऊन, डॉस परत एकदा घाला म्हणून सांगून गेला. मी घातला. माझ्यासमोर तीन-तीन तास मशीन गुण्यागोविंदाने चालायचं. बाई बसल्या की तासाभरात गचकायचं.

हेडक्लार्कांच्या डोक्यात त्यातून जे शिजलं, ते त्यांनी एका दुपारी पान जुळवता जुळवता मला सांगितलं.

“मास्तर, तुमच्या हाताखाली बरं चालतंय हो ते. बाईंच्याच हाताखाली मेलं कसं पडतंय? मी सांगतो. नारळ फोडून, पूजा करून बसवलेली वस्तू ती. बाई ते चार दिवस पाळत नाय. तशीच येऊन हात लावते.”

मी हसलो. हसायला नको होतं, पण विरोध म्हणूनही हसलो नव्हतो. हेडक्लार्कांनी ते हसणं होकारात जमा केलं असावं. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या संमतीने नियम झाला: त्या दिवसांत बाईंनी मशीनच्या खोलीत यायचं नाही, पडवीत बसून पाकिटांवर पत्ते लिहायचे.

मशीन इतर दिवशीही बंद पडायचंच. तर हेडक्लार्क म्हणाले, बाई लपवते. आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली. साठीला टेकलेला, सुना-नातवंडांचा माणूस, दर सकाळी चष्मा लावून एका परक्या मुलीचे दिवस मोजायचा! येणारे-जाणारे बागायतदार त्या खुणांकडे बघून मिशीत हसायचे. बाई खाली मान घालून पाकिटं लिहायच्या. कॅलेंडर उतरवून फाडून टाकायला मला कुणी अडवलं नव्हतं.

अशाच एका पडवीच्या दिवशी मला गावांची नावं तपासायची होती. फ्लॉपी लागणार नव्हती, म्हणून दारं लावूनच बसलो. तासाभरात पडदा थिजला. माझ्या हाताखाली! दार उघडून आत हात घातला तर भाजला. डब्याच्या कुशीला साठचा बल्ब जळत होता.

तो बल्ब मीच लावला होता. जूनमध्ये, मोठ्या ऐटीत, दमटपणा जावा म्हणून. आमच्या घरी पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवतात, तसाच. कपड्यांना ऊब बरी वाटते. मशीन बंद दारांआड रात्रंदिवस शेकून निघत होतं. मी डॉस घालायला बसलो की फ्लॉप्या बदलायला दारं उघडी ठेवायचो, म्हणून माझ्यापुढे ते शहाण्यासारखं वागायचं.

मी बल्ब काढून खिशात टाकला आणि गप्प राहिलो. चार वेळा यादी पुसणारा मास्तर मीच, हे ऑफिसभर व्हायला नको होतं. एवढंच कारण. दुसरं उदात्त काही नाही.

त्या दिवसापासून मशीन एकदाही थिजलं नाही. हेडक्लार्क ज्याला-त्याला सांगत सुटले, “बघा, पाळायला लावल्यावर कसं सुरळीत चाललंय!”

मीटिंगच्या आदल्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. “दादा, कपाटातला बल्बचा होल्डर रिकामा आहे. बरेच दिवस झाले, मी पाहतेय. उद्या अध्यक्षांना तेवढं सांगाल ना?”

“बघू,” मी म्हणालो. “वेळ बघून सांगतो.”

मीटिंगमध्ये हेडक्लार्क म्हणाले, महिन्यातले चार दिवस खोळंबा होतो, त्यापेक्षा पुरुष उमेदवार बरा. मी मीटिंगचं इतिवृत्त लिहीत होतो. तो ठराव माझ्या अक्षरात आहे.

नव्या माणसाला आठ दिवस शिकवून मग बाईंनी जायचं ठरलं. पहिल्या सकाळी तो कपाटाची दारं लावायला लागला, तसा त्यांनी त्याचा हात थांबवला.

“उघडी राहू देत. आतला बल्ब काढल्यापासून मशीन बंद पडत नाही. खात्री करायची तर यांना विचारा.”

तो माझ्याकडे बघायला लागला.

“हो,” मी म्हणालो, “बल्बनेच तापायचं.”

इतके दिवस जे मला कुणापाशी बोलता आलं नव्हतं ते मी शेवटी बोललो, आणि बोललो ते तिच्या खुर्चीत बसलेल्या माणसापाशी. बाईंनी खुर्चीमागे उभं राहून त्याला पुढची कळ दाखवली.