काठोकाठ कॉफी

आमच्या कॉन्डोत अकराव्या मजल्यावर एक जगज्जेती राहते. बर्फाच्या टेंगळांवरून स्कीवर वेगाने उतरायचं आणि वाटेत दोनदा हवेत कोलांटी घ्यायची, हा तिचा खेळ. सिंगापुरात बर्फ कुठला? म्हणून ती रोज सकाळी काठोकाठ भरलेला कॉफीचा कप घेऊन जिना धावत उतरते. गुडघे शिलाई मशीनच्या सुईसारखे वरखाली होतात, पण खांदे आणि कप स्थिर.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती म्हणाली होती, "या हिवाळ्यात पुन्हा स्पर्धेत उतरणार. पण कॉफी सांडली, तर खेळ बंद."

काल ती आठव्या मजल्यावर, माझ्या दारासमोर थबकली. पायरीवर कॉफीचा एक थेंब पडला होता.

"एवढासा थेंब हिशेबात धरू नका हो," मी म्हणालो.

ती हसली आणि शेवटी इथलं ठसक्याचं 'लाह' जोडत म्हणाली, "कॉन्डोच्या मीटिंगमध्ये खर्चाच्या दशांशावरून भांडता आणि मला सूट देता? धरायचा, लाह."

तिने रुमालाने पायरी पुसली, उरलेली कॉफी सावकाश संपवली आणि लिफ्टचं बटण दाबलं. इतक्या वर्षांत तिला लिफ्टसाठी थांबलेलं मी प्रथमच पाहिलं.