आबांचा ‘शे’

माझ्या साडूंइतका, म्हणजे आबांइतका, हेकट माणूस अख्ख्या धुळे जिल्ह्यात झाला नाही, आणि इंटरनेट आल्यावर तर त्यांचा हेका सातासमुद्रापार पोचला, हे मी आजही तितक्याच संतापानं सांगतो. मी कचेरीतला टंकलेखक, म्हणून दर रविवारी संध्याकाळी आबा मला देवपुरातल्या नव्या सायबर कॅफेत ओढून नेत. “मी बोलस, नाना, तुम्ही बडवा,” हा हुकूम! चॅटवरचा माणूस परदेशात, म्हणून मजकूर ओरडून सांगणार. उत्तराला जरा उशीर झाला की माझ्यावरच डाफरणार. आणि अनोळखी माणसाला पहिला प्रश्न काय, तर “जेवना का?” तिकडं तो दात घासत असला तरी! बोलणार मात्र अहिराणीच. एकदा मी त्यांचं “मी धुयाना शे”, म्हणजे ‘मी धुळ्याचा आहे’, इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं टंकलं. ‘शे’ तसा लिहिला की इंग्रजीत ‘शी’ होतो, म्हणजे ‘ती’. पलीकडच्या गृहस्थाला तेवढाच शब्द कळला, आणि त्यानं आबांना बाई समजून फोटो मागितला! कॅफेतली पोरं खो खो हसली. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तेव्हा मी गुपचूप ‘शे’च्या जागी ‘आहे’ घालू लागलो.

हा सगळा सराव त्यांच्या मुलासाठी होता. अमळनेरची ठरलेली सोयरीक मोडून तो अमेरिकेला गेला, तेव्हापासून दोन वर्षं बापलेकांचं बोलणं बंद. माझ्या मुलीनं मिनतवारीनं त्याला एका रविवारी चॅटवर आणला. आबा इस्त्रीचा सदरा घालून आले. म्हणाले, “लिखा, बठ्ठं बरं शे. तुनी माय तुले याद करस.” मी सफाईनं टंकलं, ‘सगळं ठीक आहे. आई तुझी आठवण काढते.’

उत्तर आलं, ‘हे आबा नाहीत. मला फसवू नका.’

“काय म्हनस?” आबा विचारत होते. माझी काय बिशाद सांगायची! मी निमूटपणे पुन्हा टंकलं, या वेळी आबांचे शब्द जसेच्या तसे. मग पडद्यावर उमटलं, ‘आबा, जेवनात का?’

मी ते वाचून दाखवलं. आबांनी टोपी काढून तिनंच डोळे पुसले आणि बघत बसलेल्या माझ्यावरच खेकसले, “दखी काय राहिनात? लिखा, जेवनू म्हना!”

पुढं आबा वारले. त्यानंतर एका रविवारी मुलानं मला चॅटवर विचारलं, ‘काका, माय कशी शे?’ माय सकाळपासून भिंतीला टेकून बसली होती, घास घेतला नव्हता. जन्मात अहिराणी न बोललेल्या मी एकेक अक्षर शोधत टंकलं, ‘बठ्ठं बरं शे.’ इतका वेळ लावला, तरी डाफरायला शेजारच्या खुर्चीत कुणी नव्हतं.