दोन ट्यूब गोबरगॅस

माझं तोंड माझ्या आधी धावतं, ही माझी जुनी खोड. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, प्लायवूडचा डिंक बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होते. सांभाळत होते म्हणजे बाटल्या धूत होते. बी.एस्सी. होऊन बाटल्याच घासायच्या तर घरची भांडी काय वाईट होती, असं रोज मनात म्हणायचे आणि रोज मुकाट्याने घासायचे.

डिंकाला फॉर्मलिन लागायचं, ते टँकरने यायचं. आमच्या साहेबांना मात्र एका गोष्टीचा ध्यास होता. फॉर्मलिन होतं मिथेनॉलपासून आणि मिथेनॉल होतं मिथेनपासून, पण त्यासाठी आधी मिथेन मोठ्या भट्टीत फोडायचा आणि मग त्याचे तुकडे दाबाखाली पुन्हा जोडायचे. साहेब म्हणायचे, "हे म्हणजे आसनगावहून खर्डीला जायला आधी उलट्या दिशेचं कल्याण गाठायचं!" त्यांना मिथेनचं थेट फॉर्मलिन करायचं होतं, एकाच तापलेल्या नळीत. नळी तयार होती, तिच्यात भरायची भुकटी तयार होती, मिथेनचं सिलिंडर तेवढं मालक आणू देत नव्हते.

"आमच्याकडे आहे की मिथेन," मी म्हणाले. "गोबरगॅस!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "हे जमलं, तर उद्यापासून बाटल्या दुसरं कोणीतरी धुवेल." मग काय, मला पंखच फुटले.

आमचं गाव शहापूरकडचं. आईला चुलीच्या धुराने डोळ्यांचा फार त्रास. डोळे सदा लाल, पाणी गळतंय, कांदा कापल्यासारखं. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, तेव्हा वडिलांनी गोठ्यामागे गोबरगॅस बांधला. शेणकाल्यावर तरंगणारी लोखंडी टाकी वर आली की गॅस भरला, खाली बसली की संपला. आई त्या टाकीकडे दुभत्या म्हशीकडे बघावं तशी बघायची.

"गॅस उरतो का गं?" मी विचारलं.

"उरतो म्हंजे? मस उरतो. किती पायजे?"

झालं. मी आठवडाभर मुरबाडला खोली घेऊन राहायचे आणि रविवारी रात्री उशिरा, वाढलेल्या ताटावरच, घरी पोचायचे. दर सोमवारी सकाळी आई टाकीवर वजनाला पाटा ठेवायची, मी ट्रॅक्टरच्या दोन जुन्या ट्यूब भरून घ्यायचे आणि त्या काखोटीला मारून किन्हवलीमार्गे मुरबाडची एस.टी. पकडायचे.

पहिल्याच दिवशी कंडक्टर म्हणाला, "बाई, पोहायला चालल्या का? मंग तानसा तलाव तिकडं राह्यला." मी हसले. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या एका काकांनी विडी काढली आणि माझं हसू पळालं. गॅस आहे म्हणावं तर मला ट्यूबसकट खाली उतरवतील. मी छातीला हात लावून अशी काही खोकले की विचारू नका. "दमा आहे हो मला!" काकांनी विडी कानावर ठेवली. पुढच्या सोमवारपासून मी दिसले की कंडक्टरच ओरडायचा, "विड्या बंद, पेशंट आला!"

कारखान्यात आम्ही गॅस आधी गंजलेल्या लोखंडी किसावरून न्यायचो, म्हणजे त्याची सडक्या अंड्याची घाण जायची. मग चुन्याच्या निवळीतून, मग हवेत मिसळून लालभडक नळीत, आणि पलीकडे थंड पाण्यात. त्या पाण्याचा थेंब चाचणीच्या आम्लात टाकला की रंग बघायचा. जांभळा आला तर फॉर्मलिन झालं, जिंकलो.

मिथेनचा स्वभाव अडेल बैलासारखा. उठता उठत नाही, आणि एकदा उधळला की थांबत नाही. त्याला अर्ध्या वाटेत, फॉर्मलिनच्या टप्प्यावर, अडवायचा असतो. तो मात्र पार टोकाला जाऊन जळून जायचा. हाती उरायची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. असे पाच सोमवार गेले. सहाव्या सोमवारी जांभळा आला, गडद, पिकल्या जांभळासारखा!

साहेबांनी मला स्वतः चहा करून दिला. मी कंडक्टरबरोबर निरोप धाडून आईला कळवलं आणि आईने दोन दिवसांत अख्ख्या गावाला. आमच्या शेणातून माझ्या लेकीने औषध काढलं, असं तिचं म्हणणं होतं. कसलं औषध, ते तिला कोणी विचारलं नाही.

गुरुवारी बाटल्या धुता धुता मला कसलीशी शंका आली आणि मी नुसतं पाणी, ज्यात गॅस सोडलाच नव्हता असं, त्या आम्लात टाकलं. तेही जांभळं! पाण्याचा पिंप डिंकाच्या कढईशेजारी उघडा असायचा. शेडच्या हवेतच इतकं फॉर्मलिन होतं की त्या दिवशी माझा घामही जांभळा झाला असता.

गप्प राहिले असते तर बाटल्या सुटल्या असत्या. पण माझी खोड तुम्हाला माहीतच आहे. साहेबांनी ऐकून स्वतः पिंपात नाक घालून पाहिलं. मग म्हणाले, "जिथे फॉर्मलिनचा वासही नाही अशा जागी करून पाहू. तुमच्या गोठ्यात वीज आहे?"

शनिवारी भर दुपारी आम्ही भट्टी टेम्पोत घालून न कळवता घरी थडकलो. मी "आई" म्हणून हाका मारत आत शिरले. गॅसच्या शेगडीवर दळणाचा डबा ठेवलेला होता, त्याच्यावर सूप आणि सुपावर धूळ. आई मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुलीवर फुंकणीने जाळ करत होती. डोळे लालबुंद.

"थंडीत गॅस कमी होतो गो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आमाला काय, चूल हाय. तुजा कारखाना बंद पडाया नको."

सोमवारचा गॅस भरायचा म्हणून ती अख्खा आठवडा चूल पेटवत होती. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. मी पदवीधर, रसायनशास्त्राची, आणि टाकी किती दिवसांत भरते एवढं साधं गणित मला सुचलं नव्हतं.

आई मात्र उत्साहात. "लावा लावा, साहेब आलेत." आम्ही दोन्ही ट्यूब भरल्या तशी टाकी खाली बसली, मग गोठ्यात भट्टी लावली. पहिला गॅस नेहमीसारखा पार जळून गेला. आई दारातून बघत होती.

"भाकर तव्यावर ठेवून गावाला जाता काय? काढा की लवकर!"

साहेब चमकले. म्हणाले, "बरोबर आहे. नळीत थांबायला वेळच द्यायचा नाही." आईने पाटा उचलून त्याच ट्यूबवर ठेवला, गॅस जोरात सुटला. साहेबांनी थेंब टाकला. नुसतं पाणी टाकलेलं आम्ल बिनरंगीच राहिलं. गॅस सोडलेल्या पाण्याच्या थेंबाने मात्र अगदी फिका, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा जांभळा उतरला.

"एवढाच?" आई म्हणाली.

साहेब म्हणाले, "एकदा आलेल्या रंगाला काही किंमत नाही. पुन्हा करू. दुसरी ट्यूब लावा."

मी दुसरी ट्यूब उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. दळणाचा डबा खाली ठेवला, ट्यूब शेगडीच्या नळीला जोडली, काडी ओढली. मागे साहेब उभे होते. त्यांनी पाटा आणून ट्यूबवर ठेवला.

आईने तवा ठेवला, भाकरी थापली, मग वाकून खालची निळी ज्योत बघितली.

"आता यातलं काय उरतं गो?"

"काही नाही," मी म्हणाले. "सगळं जळून जातं. वाया."

"वाया कसं?" आई म्हणाली. "धूर उरत नाय ना? त्यासाठीच तर बांधला."