कोरडी ठेवायची खोली

माझ्या मुलीने मला नोकरी दिली ती ऐन एप्रिलमध्ये, लकडगंजातल्या लाकडाच्या एका रिकाम्या गोदामात. पगार नाही, डबा घरचाच. काम एवढंच, की दुपारभर एका खोलीत स्टुलावर बसायचं आणि तिथे कोणालाही पाणी टाकू द्यायचं नाही. सगळं नागपूर कूलरमध्ये बादल्या ओतत होतं आणि मी, कोष्ट्याची पोर, कोरडेपणाची राखण करत बसले होते.

खोली म्हणजे तिचं इन्स्टॉलेशन. हा शब्द माझ्या तोंडात बसायला वेळ लागला. मी शेजारणींना "पोरीचं प्रदर्शन आहे" असं सांगायची आणि ती नाक मुरडायची. चित्र आपण बाहेर उभं राहून बघतो, इथे आपणच चित्राच्या आत शिरायचं, असं तिचं म्हणणं. तिने छताखाली बांबूचे मोठे ट्रे टांगून त्यांत वाळ्याचं गवत लावलं होतं. वाळा म्हणजे तोच, ज्याच्या मुळांच्या ताट्या उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना लावतात आणि बाजारात ज्याला खस म्हणतात. इथे मात्र मुळं जिवंत होती, ट्रेमधून खाली लोंबत होती, कुठे खांद्यापर्यंत, कुठे गुडघ्यापर्यंत. ती हाताने बाजूला करत, त्यांच्यातून वाट काढत चालायचं.

पहिल्या दिवशी सगळं हिरवंगार आणि ओलं होतं. त्या संध्याकाळी तिने पाण्याची नळी बंद केली. आता गवत रोज थोडं थोडं वाळणार आणि आलेल्या माणसाने त्या वाळण्याच्या मधोमध उभं राहायचं.

"जमिनीखालचं पाणी संपतं ते आपल्याला दिसत नाही ना आई," ती म्हणाली होती. "मला ते दाखवायचंय."

ऐकायला ठीक होतं. पण तो वाळा आमच्या गच्चीवर वाढला होता. उंच पाइपांत माती आणि वाळू भरून तिने रोपं लावली आणि स्वतः बडोद्याला शिकायला निघून गेली. मग रोज पाणी कोणी घातलं? मी. गुडघे दुखत असताना जिने चढून घातलं, उन्हाळ्यात दोनदा घातलं, वर त्यांच्याशी गप्पा मारल्या. आता त्याच झाडांना मरताना बघायचं, आणि तेही डोळ्यात तेल घालून!

तरी मी हो म्हटलं, कारण दिल्लीहून दोन माणसं येणार होती. तिथल्या मोठ्या प्रदर्शनासाठी त्यांना गोदामातल्या सगळ्या खोल्यांमधल्या कामांतून एकच निवडायचं होतं. निवड झाली असती तर पोरीला वर्षभर तिथे राहून काम करता आलं असतं, पुढचा रस्ता उघडला असता. ते येतील तोवर खोली पूर्ण वाळलेली हवी, सगळ्याचा अर्थ त्यातच आहे, हे तिने मला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. तिच्या या शिक्षणावरून आम्ही दोघी वर्षानुवर्षं भांडलो होतो. त्यात पहिल्यांदाच तिने माझ्याकडे काही मागितलं होतं. माझ्यावर विश्वास टाकला होता.

पण नागपूरच्या माणसाला कोरडा वाळा बघवत नाही, हे तिच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. दारावर तिने सुंदर अक्षरात 'कृपया पाणी घालू नये' असं लिहिलं होतं. लोक ते वाचायचे, मान डोलवायचे आणि आत येऊन हळूच बाटलीचं झाकण उघडायचे. समोरच्या आरागिरणीतला एक हमाल उन्हातून टेकायला यायचा, तो रोज मला सुनावायचा, "मॅडम, तुमचा नळ बंद हाये का? मी आणून देऊ का बादली?" एका शाळेच्या सहलीने तर वॉटरबॅगाच काढल्या. एक जाडजूड काकू मला म्हणाल्या, "बाईमाणूस असून असं वाळू कसं देता वं तुम्ही?" मी उत्तर दिलं, "काकू, ही कला आहे." त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की माझं मलाच ते पटेना.

पण मी कोणालाही थेंबसुद्धा टाकू दिला नाही. संध्याकाळी पोरगी यायची, मुळं बोटांनी चाचपायची, स्टुलावर चढून ट्रेमधल्या मातीत बोट खुपसून बघायची आणि माझ्या गळ्यात हात टाकून म्हणायची, "आई, तू माझी सगळ्यात कडक सिक्युरिटी आहेस." मी फुगायची. गवत आधी पिवळं झालं, मग तपकिरी. मुळं हलली की खसखस वाजायची. खोलीला कसलाच वास येत नव्हता. कोरडा वाळा मुका असतो, पाणी पडल्याशिवाय तो काही बोलत नाही.

मला हे लहानपणापासून माहीत होतं. महाल भागाच्या मागच्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातली मोठी मागाची होती. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे, धोटा इकडून तिकडे पळायचा, आणि पायाखालच्या पट्ट्या खटाखट वाजायच्या. नागपूरचा उन्हाळा कोष्ट्याचा वैरी. हवा कोरडी झाली की सूत कडक होतं आणि तटातट तुटतं. म्हणून पश्चिमेच्या दाराला वाळ्याची ताटी आणि खिडक्यांना ओलं पोतं. मोठ्या घरांत ताटी माणसांसाठी असायची, आमच्याकडे ती सुतासाठी होती. गारवा आम्हाला आपसूक मिळायचा.

ताटी ओली ठेवणं हे माझं काम. धाड्‌दिशी ओतलं तर पाणी ओघळून मागाच्या खड्ड्यात जातं, म्हणून ओंजळीत घेऊन बोटांच्या फटींतून झटका द्यायचा. बारीक तुषार उडाले पाहिजेत. मी सागरगोटे खेळत असो की दारात झोपलेली असो, मागावरून हाक यायची, "पाणी मार वं, बाई!" बाई म्हणजे मी. हाकेसरशी उठायचं. तुषार पडले की ताटीतून तो वास यायचा, मातीचा, किंचित गोड, गार. माग पुन्हा चालू व्हायचा. आपण पाणी मारलं म्हणून लुगडं विणलं गेलं, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं आणि खोटं कशाला सांगू, अजूनही वाटतं. त्या दुपारींइतकी मी पुढे कधीच कोणाच्या उपयोगी पडले नाही.

मग माग बंद पडले. बाबा बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत लागले. पहिल्या दिवशी घरी आले ते हसतच. "तिथी पाणी मारायले पोरगी नाही ठेवत," ते मला म्हणाले. "हवा ओली करायची मशीनच हाये." मी पण हसले. रात्री मात्र मला रडू आलं होतं.

आता बाबा आमच्याकडेच असतात. ऐंशी ओलांडली आहे, ऐकू कमी येतं, दुपारी कूलरपुढे झोपतात. दिल्लीची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती, आणि नेमकी त्या दुपारी आमच्या भागातली वीज गेली. बाबांना तापलेल्या घरात एकटं ठेवणं जिवावर आलं, म्हणून रिक्षात घालून गोदामात आणलं. खोलीत माझ्या स्टुलाजवळ एक खुर्ची टाकली. त्यांनी वर लोंबणारी मुळं बघितली, "हे काय लटकवून ठेवलं वं?" असं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत त्यांचा डोळा लागला. दुपार कलली. खोलीत कोणी नव्हतं. माझीही मान पेंगून खाली आली होती.

तेवढ्यात हाक आली.

"पाणी मार वं, बाई! सूत तुटून राहिलं!"

बाबा अर्धवट झोपेत होते, समोरच्या मुळांकडे बघत होते. वरून खाली ताणलेली ती सगळी मुळं, तो मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणाच की. पण हे मला नंतर सुचलं. हाक आली तेव्हा मी काहीच विचार केला नाही. अंगणातल्या नळाखाली हात धुवायची बादली भरलेली असायची, ती मी आत कधी आणली, मला आठवत नाही. ओंजळ भरली, झटका दिला. पुन्हा भरली, पुन्हा दिला. बाबा सांगत होते, "वरते मार, वरते," आणि मी वर मारत होते. गुडघे दुखत नव्हते. बादली संपली तशी दुसरी आणली. आणि मग तो वास उठला, सगळ्या खोलीभर, आणि मी बादली धरून तिथेच उभी राहिले. बाबांनी समाधानाने डोळे मिटले.

वळून बघितलं तर दारात पोरगी उभी होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टेबलफॅन आणून लावले, फरशी पुसली. सकाळी दिल्लीची माणसं आली तेव्हा मुळं काळसर ओली होती आणि खोली वासाने भरलेली होती. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "खुशबू बहुत अच्छी है," आणि पलीकडच्या खोलीत गेले. तिथे कोणीतरी झाडांच्या बुंध्यावरच्या बुरशीचं काम केलं होतं. निवड त्याची झाली.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आई, एकच काम होतं."

"हो."

"काहून टाकलं तू पाणी?"

"बाबांनी हाक मारली."

"म्हणून?"

"म्हणून."

 माझ्या पोरीचं मी नुकसान केलं होतं, आणि तरीही नाकात तो वास होता आणि तो मला हवासा वाटत होता. दोन्ही एकाच वेळी. जेवताना तिने ताटावरून मान वर न करता विचारलं, "तुमच्या घरात असाच वास यायचा?" मग मी तिला मागाचं सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत ते कधी सांगितलं नव्हतं, कारण तिने कधी विचारलं नव्हतं. ती ऐकत राहिली. राग गेला होता असं नाही. उठताना ताट जरा जोरातच आपटलं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी तीच बाबांना घेऊन आली. त्यांना त्याच खुर्चीत बसवलं, दोन बादल्या भरून ठेवल्या आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आबा, तुम्ही त्या दिवशी जशी हाक मारली होती ना, तशी मारा." मग ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

बाबा लाजले. "आता कशी मारू? सूत कुठी हाये?"

तिने एक लांब मूळ त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत चाचपलं, थोडं ओढून बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. आणि त्यांनी हाक मारली, त्याच जुन्या आवाजात, मागावरून मारायचे तशी.

"पाणी मार वं, बाई!"

मी स्टुलावरून उठले. पण माझ्या आधी ती उठली होती.