मुराळी टेम्पो घेऊन आला

टेम्पोच्या दारावर तळहाताची थाप मारायची आणि म्हणायचं, "काहून न्हाई?" ही त्याची सवय. कुणी म्हणालं, आभाळ आलंय, आज हळद शिजायची न्हाई. थाप. "काहून न्हाई?" कुणी म्हणालं, या वाटेनं टेम्पो जायचा न्हाई. थाप. "काहून न्हाई?" मग टेम्पो रुतायचा, आम्ही सगळे ढकलायचो आणि हा आत बसून हसायचा.

कळमनुरीकडच्या आमच्या भागात हळद काढली की शिजवावी लागते. तो शिजवणारा. टेम्पोमागं वाफेचा कुकर बांधून हंगामभर या शेतातून त्या शेतात फिरायचा. टेम्पोतच बाज, टेम्पोतच गॅसची शेगडी, पाण्याचा ड्रम, दाढीचा आरसा. सगळं पिवळं. हंगामात त्याची पांढरी दाढीसुद्धा पिवळी व्हायची. असा माणूस तुमच्याही शिवारात येत असेल. नीट बघून ठेवा त्याला.

माझ्या बायकोला भाऊ नव्हता. आमच्यात सणाला सासुरवाशिणीला न्यायला माहेराहून मुराळी येतो. तिला न्यायला कुणी यायचं न्हाई, म्हणून दिवाळी आली की तिचं तोंड उतरायचं. एका दिवाळीला हा शेजारचा मुसलमान गडी दारात टेम्पो लावून उभा राहिला. "आक्का, चल. मुराळी आलाय." घर त्याचं रस्त्यापलीकडं! तेवढ्यासाठी टेम्पोत बसवून नेली, ठेवून घेतली, जेवू घातली. त्या दिवसापासून मी त्याचा दाजी झालो आणि माझी चेष्टा करायचा हक्क त्याला मिळाला. तो त्यानं कधी सोडला न्हाई.

एकदा आमच्या रानात हळद शिजत होती. तो तिला मोबाईल दाखवत होता. समुद्राकाठी कुठं तरी बाग आहे, तिथं लोक घरासारख्या गाड्या घेऊन येतात, गाडीतच राहतात, गाडीतच रांधतात.

बायको म्हणाली, "हे तं तू इथंच करून राहिला. समिंदर तेवढा न्हाई." मग हळूच म्हणाली, "खारं पाणी एकदा बघायचं होतं रे."

थाप पडली. "काहून न्हाई? औंदा माझ्या पोरीचं लगीन हाय. पुढचा हंगाम सरला की निघू."

पावसाळाभर दोघांचं तेच. ज्वारीचं पीठ किती घ्यायचं, धुणं वाळवायला दोरी कुठं बांधायची, ऊन कुठून येईल. बायकोनं जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा शिवला टेम्पोला. मी म्हणालो, "म्हातारे, लोक हसतील." ती म्हणाली, "हसू द्या. त्यांना कुठं नेतोय."

थंडीत ती गेली. ताप आला आणि गेली. याहून जास्त मला लिहिता येत न्हाई.

मला वाटलं, विषय संपला. पण हंगाम सरला तसा कुकर सोडून, टेम्पो धुऊन हा माझ्या दारात हजर. "दाजी, चला."

"डोकं फिरलं का तुझं? जिला बघायचं होतं ती गेली."

"आक्का गेली. शब्द कुठं गेला?"

माझा चुलतभाऊ ओट्यावर होता. तो म्हणाला, "वर्ष झालं न्हाई अजून. घरात दुःख, आन् हे फिरायला निघाले."

"वर्ष तुमी पाळा," हा म्हणाला. "मी तिचा मुराळी हाय. मुराळी दारातून रिकामा जात न्हाई."

पुण्याहून पोराचा फोन आला, "बाबा, या वयात टेम्पोत झोपणार?" मी म्हणालो, "व्हय." का म्हणालो, ते मलाही कळलं न्हाई. पण म्हटल्यावर बरं वाटलं.

त्याच्या बायकोलाही यायचं होतं. पण लेक बाळंतपणाला आलेली. "तुला पुढच्या साली," त्यानं तिला सांगितलं. भाभीनं डबे भरून दिले. त्यातला मिठाचा पुडा यानं काढून तिच्या हातात परत दिला. "समिंदरावर चाललो. तिथलं पाणीच खारं. वरून मीठ काहून न्यायचं?" आम्हाला ते बराबर वाटलं. समुद्र कधी न बघितलेली माणसं आम्ही.

घाट उतरून गेलो. बागेच्या फाटकावरचा माणूस म्हणाला, "टेम्पो आत नाही. इथे राहायच्या गाड्या लागतात."

यानं मागची फळी पाडली. "बाज हाय, शेगडी हाय, पडदा हाय. आता ह्यात राहता येत न्हाई म्हणा."

"टेम्पोत कोण राहतं, चाचा?"

"मी राहतो. जलमभर."

तो माणूस पिवळ्या टेम्पोकडं बघत राहिला, मग हसला आणि कडेची जागा दिली.

समुद्र समोर. मी उतरलो न्हाई. पाठ करून बाजेवर बसलो. राग आला होता, एवढं पाणी उगाच पडून आहे याचा. त्यानं तो हिरवा पडदा काढला आणि समुद्राच्या बाजूला नेऊन बांधला.

"येड्या, लुगड्याला डोळे असतात का?"

"तुमाला हायेत ना? मंग बघा तिच्यासाठी."

मग उतरलो. बघितला. पाय भिजेपर्यंत बघितला.

त्यानं समुद्राच्या पाण्यात डाळ शिजवली. जन्मभर शिजवण्यात घालवलेला माणूस, पण पहिला घास तोंडात गेला आणि त्याचे डोळे फिरले. नुसती कडूजहर. मी थुंकून टाकली. हा खात राहिला. "खा दाजी. आक्कानं केली असती तं गुमान गिळली असती." ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता रडलो. तो माझ्याकडं बघत न्हाई असं दाखवत डाळ चिवडत होता.

पुढचं साल त्याला लाभलं न्हाई. हळद अजून रानातच होती. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचला न्हाई. आता दुसरा कुणी कुकर घेऊन येतो. चांगला आहे. पण काही म्हणा, आधी न्हाई म्हणतो.

भाभीची इद्दत सरली, नवरा गेल्यावर घरात पाळायचे ते चार महिने दहा दिवस. तिच्या थोरल्या लेकाला म्हणालो, "टेम्पो काढ, तूच चालवायचा." चुलतभाऊ ओट्यावरून म्हणाला, "आता तिच्या घरचं दुःख. लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "तू म्हण आधी, मंग लोक म्हणतील."

लेकानं टेम्पो माझ्या दारात आणला; रस्ता ओलांडायचा होता तेवढ्यासाठी त्यात बसून गेलो. तिच्या दारात उतरलो आणि टेम्पोच्या दारावर थाप मारली. माझी थाप त्याच्यासारखी वाजत न्हाई.

"भाभी, चला. मुराळी आलाय."

ती उंबऱ्यात आली. टेम्पोकडं बघितलं, हिरव्या पडद्याकडं बघितलं. पदरानं तोंड पुसलं.

"नमक लिये क्या भाईजान, इस बार?"