पाळकसाहेब आले की

फेरो बेटांपैकी एका बेटावरचा डोंगर अर्धा चढल्यावर म्हातारा हानुस दगडावर टेकला. चर्चची घंटा वाजवणारा हा माणूस कुणाचा अंतकाळ आला की उशाशी जाऊन बसे. पाळकसाहेबही बोटीने येत, पण तिथेही स्वतःच्याच प्रवचनांचं कौतुक सांगत. त्यांना पाहिलं की, यांच्यासमोर मरायला नको म्हणून, मरणारी माणसं उठून बसत. परवा बिलाआजीने तर सुकं मटण मागितलं, आणि साहेब गेल्यावर हानुसचा हात धरून शांतपणे डोळे मिटले.

“साहेब फार खट्टू झालेत गं,” तो बरोबरच्या सुन्निवाला म्हणाला.

“होऊ देत की, काका. मेंढरं खऱ्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात.”

“तसं नको. माझी वेळ आली की त्यांनाच बोलाव. आणि मी उठून बसायला लागलो, तर खांद्याला धरून परत निजव.”