पिशवीतला हिंग

हिंगाची डबी उघडली की अजूनही डोंबिवलीतलं वामनशेटचं दुकान आठवतं आणि या वयातही ओशाळायला होतं.

लग्नाचं पहिलं वर्ष होतं. संध्याकाळी ऑफिसातून परतलेली मंडळी दुकानाच्या पायरीवर वाद घालत. जलद गाडी डोंबिवलीला थांबलीच पाहिजे, हे आमच्या यांचं रोजचं पालुपद. त्या दिवशी मी तांदूळ घ्यायला गेले, तर हे तिथेच उभे.

"थांबवा हो," वामनशेट म्हणाला, "पण मग तुम्ही सगळे दादरला उतरून सामान आणणार. आमचं काय?"

"छे, घराजवळचं दुकान सोडून कोण जातंय?" असं म्हणत यांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली. पिशवीतून हिंगाचा उग्र वास आला. पुडी दादरची होती.

वामनशेटने पिशवीकडे पाहिलंही नाही. तांदूळ मापता मापता तो एवढंच म्हणाला, "वहिनी, चांगला हिंग आहे. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, वास उडतो."

पुढे गाडी थांबायला लागली. वामनशेटचं दुकान कधी बंद झालं, ते मात्र आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.